दुसऱ्याला द्यायची कवडी

रेवाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. रेवा आमच्या नात्यातली पोर, बेळगावात कॉलेजला आहे. रविवारी टिळकवाडीत कुणाच्या तरी गच्चीवर ही मुलं जमतात आणि फाशांचा तो खेळ खेळतात, ज्यात एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि अडेल तिथं फासे टाकून पुढचं ठरतं. यंदा गोष्ट सांगायची पाळी तिची होती. "आज्जी, बळ, चपळाई, अक्कल, सगळं बसवलं. नशीब तेवढं बसेना," ती म्हणाली. "प्रत्येकाला एक आकडा देऊन टाकू का खर्च करायला देऊ? नेटवर दहाजण दहा गोष्टी सांगतात." साठी उलटून गेलेल्या बाईला हे विचारायचं कारण एवढंच, की हा खेळ मी तिच्या वयाची असताना खेळले आहे, तेही बेळगावच्याच वडगावात, करंट गेल्यावर. मी म्हटलं, दोन दिवसांनी सांगते. सांगायला मनात जुळवायला लागले तर ते फोनवर मावण्यासारखं निघालं नाही, म्हणून हे लिहिणं.

निपाणीहून मी वडगावला आत्याकडे आले ती कॉलेजसाठी. आमच्या निपाणीच्या घरात तंबाखूचा वास इतका मुरलेला, की तो वास आहे हे मला वडगावात आल्यावर कळलं. आत्याकडे वास होता सुताला लावायच्या खळीचा आणि मशीनच्या तेलाचा, आणि आवाज होता विजेवरच्या मागांचा. घराच्या पुढच्या अंगाला राहायच्या खोल्या आणि मागच्या अंगाला पत्र्याची लांब शेड, तिच्यात माग. सकाळी ते सुरू झाले की ताटातली वाटी थरथरायची. त्या घरात सगळे ओरडूनच बोलायचे, आणि करंट गेल्यावरही काही वेळ तसंच ओरडत राहायचे, मग आपलाच आवाज ऐकून ओशाळायचे. भाकरीत हमखास एखादा तंतू सापडायचा. पहिल्या आठवड्यात मी तो काढून ताटाच्या कडेला ठेवायची, पुढं गिळायला लागले.

आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणायचो. माणूस वाईट नव्हता हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं तसं वाटेल. सकाळी शेडमध्ये पाऊल टाकताना उंबऱ्याला हात लावून तो हात कपाळाला लावायचे, आणि गिऱ्हाइकाशी मराठी, कानडी, हिंदी जे चालेल त्यात गोड बोलायचे. थोरला मुलगा शंकरअण्णा माग चालवायचा. हा इतका कमी बोलायचा की मागांच्या आवाजाची त्याला अडचण होत नसावी. त्याची बायको शालनवहिनी, येळ्ळूरची, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. धाकटा दत्तू बेंगळूरला इंजिनीअरिंगला, परीक्षा लांबल्यामुळं घरी येऊन बसलेला आणि सगळ्यांच्या पायात येणारा.

आता नशिबाचं. मी ज्या दिवशी ट्रंक घेऊन आत्याच्या दारात उतरले, त्याच दिवशी अडकून पडलेली एक मोठी ऑर्डर सुटली. झालं. मामांनी जाहीर केलं, पोरीला हातगुण आहे. तेव्हापासून मागावर नवं बीम चढलं, म्हणजे नव्या ताण्याचा, उभ्या दोऱ्यांचा, तो भला मोठा रूळ बसला, की नारळ फोडून माग सुरू करायचा दांडा मी ओढायचा. आणि मामांचा एक पक्का दंडक होता: ज्याच्या हातानं बीम धरलं, म्हणजे पहिलं कापड उतरलं, त्याचा हात मध्ये बदलायचा नाही, आणि त्यानं ते संपेपर्यंत गाव सोडायचं नाही. या दंडकापायी माझी निपाणीची एक जत्रा आणि सख्ख्या मैत्रिणीचं लग्न बुडालं. "आई बोलावतेय" म्हटलं तरी मामा हसून म्हणायचे, "बीम उतरू दे गं, मग मीच सोडतो की यष्टीला." नशीबवान असणं म्हणजे दावणीला बांधून घेणं असतं, हे मला तिथं कळलं.

वहिनीचं उलट. ती नवरी होऊन आली आणि चार दिवसांत मागाची मोटर जळाली. मग पावसात मामा स्कूटरवरून घसरले आणि त्यांचा पाय कायमचा आखडला. मोटर जुनी होती आणि रस्त्यावर शेण होतं, पण हे बोलणार कोण? तोंडावर तिला कुणी काही म्हणत नव्हतं. फक्त शेडमध्ये ताणा जोडायचं काम निघालं की आत्या म्हणायची, "तू चुलीम्होरं बघ गं, हितलं आमी बघतो." येळ्ळूरला शेतात तण काढणारी, भांगलण करणारी, हाताला चपळ अशी ती बाई, या घरात तिला दोऱ्याला बोट लावू देत नव्हते. ती शेडच्या दारापर्यंत यायची, पाण्याचा तांब्या बाहेर ठेवायची आणि वळायची. मला ते बघवायचं नाही.

दत्तूनं तो खेळ होस्टेलमधल्या एका वरच्या वर्गातल्या मुलाकडून उचलला होता. दुपारी करंट जायचा तो तासन् तास यायचा नाही. माग थांबले की शेडमध्ये अशी शांतता पसरायची की कान दुखायचे. मग आत्या चुरमुऱ्यांत कांदा, शेंगदाणे आणि लसणीची चटणी कालवायची आणि आम्ही परातीभोवती बसायचो. दत्तू गोष्ट सांगायचा. मिठाच्या गोणी लादलेले बैल घेऊन घाट चढणारा तांडा, वाटेत जंगल, लुटारू, पूर आलेली नदी. शंकरअण्णा हमाल झाला, मी चोरवाटा माहीत असलेली बाई झाले, आणि वहिनी, आम्हां सगळ्यांना नवल वाटलं, नावाडीण झाली. "येळ्ळुरात कुटली गं नाव?" शंकरअण्णानं विचारलं. "म्हनूनच की," ती म्हणाली. ल्युडोच्या डब्यातले दोन फासे आमचे फासे.

प्रत्येकाचं बळ, चपळाई, अक्कल फासे टाकून ठरलं. शेवटी नशीब. होस्टेलच्या नियमानं नशिबाचा आकडा सुरुवातीला एकदा पडेल तो पडेल, मग तो गोष्ट संपेपर्यंत कायम, आणि प्रत्येक अडचणीत तो आपल्या दानात मिळवायचा. मला दोन्ही सहा पडले. वहिनीला दोन्ही एक. पलीकडं आत्या मिरच्यांची देठं काढत होती, ती मान वर न करता म्हणाली, "ख्येळातबी तसंच." वहिनीनं फासे उचलून दत्तूच्या हातात ठेवले, नीट, पडू नयेत असे.

आणि मग खेळ तसाच चालला. मी दरीत उडी मारली तरी खाली गवताची गंजी. लुटारूंनी मला पकडलं तर त्यांचा सरदार माझ्या बापाचा मित्र. पहिल्या दिवशी गंमत वाटली, दुसऱ्या दिवशी मला माझाच कंटाळा आला. जिला काही होणारच नाही तिची गोष्ट कुणी कशाला ऐकावी? वहिनी मात्र काहीही करायला गेली की माती. दोर टाकला तर तुटायचा, वल्हं मारलं तर मोडायचं. तिसऱ्या दुपारी नदी ओलांडताना नावाडीणच बुडाली आणि आम्ही सगळे काठाला लागलो. वहिनी हसली, आणि चहा ठेवते म्हणून उठून गेली. चहा बराच वेळ आला नाही.

मी दत्तूवर तुटून पडले. "हा कसला रे खेळ तुझा? जन्मल्या जन्मल्या आकडा कपाळावर मारायचा आणि मग बसायचं बघत. एवढं तर घरातही चालू आहे." दत्तू गोरामोरा झाला. त्यानं आधी वेगळा उपाय काढला: नशीब म्हणजे कवड्या, प्रत्येकाला सारख्या, हव्या तेव्हा एकेक खर्च करायची आणि फासे पुन्हा टाकायचे. ते थोडं बरं होतं, पण मग सगळेच आपापल्या कवड्या मुठीत दाबून बसायला लागले, पुढं मोठं संकट येईल म्हणून. तेव्हा मी म्हटलं, "मला माझी नकोच. मी वहिनीला देते."

"तसं देता येत नाही."

"का नाही? नियम तू केलास ना? मोड मग."

त्या भांडणातून आमचा नियम निघाला. कवडी स्वतःसाठी वापरायचीच नाही. दुसऱ्याचं दान वाईट पडलं, आणि पडल्यावरच, आपण आपली कवडी परातीत टाकायची आणि आपण त्याच्यासाठी काय केलं ते सांगायचं, की मी दोर धरला, मी आडवी पडले, मी खोटं बोलले. मग त्यानं पुन्हा फासे टाकायचे. दुसऱ्यांदाही वाईट पडू शकतं, त्याची हमी नाही. बुडालेली नावाडीण एका झाडाच्या मुळीला अडकून वाचली असं आम्ही ठरवून टाकलं, आणि खेळ असा रंगला की करंट आला की आम्हीच करवादायचो.

एक दुपार तेवढी मला आठवते ती वेगळ्या कारणानं. तांडा नदीत, भोवरा, वल्ही वहिनीच्या हातात. दान वाईट पडलं. माझ्या कवड्या संपल्या होत्या. शंकरअण्णाच्या मुठीत एक होती, मला बोटांच्या फटीतून दिसत होती. त्यानं टाकली की झालं. पण त्या दिवशी आत्या तांदूळ निवडत आमच्याजवळच बसली होती, आणि आईच्या देखत बायकोसाठी काही करायचं त्याला जमत नव्हतं, मग ती कवडी का असेना. वहिनी त्याच्याकडं बघत नव्हती, परातीकडं बघत होती. तेवढ्यात करंट आला, अण्णा कवडी खिशात घालून उठला आणि माग खडखडायला लागले. मी मनात म्हटलं, खेळात देत नाही तो खऱ्यात काय देणार.

खऱ्याची वेळ लवकरच आली. लग्नसराईच्या साड्यांचं काम होतं आणि आधीच्या बीमाला दोरे सारखे तुटत राहिले, व्यापाऱ्यानं बराच माल परत केला. जेवताना मामा ताटात बघत म्हणाले, "नवं बीम बसलं की सांजच्याला शालनचा भाऊ येईल. निरोप धाडलाय. थोडं दिवस ऱ्हाऊ दे येळ्ळुरात." थोडे दिवस म्हणजे काय हे कुणी विचारलं नाही. गल्लीच्या टोकाला एक बाई होती, ती अशीच थोडे दिवस माहेरी गेली होती आणि तिच्या जागी दुसरी येऊन तिला पोरही झालं होतं. वहिनी वाढत होती. तिनं माझ्या ताटात भाकरी ठेवली, अण्णाच्या ठेवली आणि आत गेली. अण्णा जेवत राहिला. मला त्याचा संताप आला.

नवं बीम चढायच्या दिवशी सकाळपासून जोडणीवाले बसून जुन्या ताण्याच्या टोकांना नव्याची टोकं जोडत होते. दुपार व्हायला आली तेव्हा काम झालं. मागाला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ चढली. वहिनीची पिशवी स्वयंपाकघराच्या दाराशी तयार होती, मला ती सारखी दिसत होती. ती स्वतः त्या दाराच्या आत, उंबऱ्याच्या पलीकडं उभी. मामांनी नारळ फोडला आणि मला म्हणाले, "वड बाळ, द्येवाचं नाव घिऊन."

मी दांडा ओढला. आडवा दोरा नेणारा धोटा एकदा गेला, दोनदा गेला, आणि मग तटातट दोरे तुटले, कडेचे नव्हे, मधले. अण्णानं झटकन माग थांबवला. मामांचा चेहरा उतरला आणि त्यांची मान माझ्याकडं वळलीच नाही, सरळ स्वयंपाकघराच्या दाराकडं वळली. "आत जा म्हनलतं न्हवं तुला?"

"मामा, हात माझा होता," मी म्हटलं.

"तुझ्या हाताचं न्हाय गं ते."

इतके दिवस मला जे नीट सांगता येत नव्हतं ते त्या एका वाक्यात होतं. चांगलं पडलं की माझं, वाईट पडलं की तिचं, फासे कुणीही टाकोत. त्या घरात मी पाहुणी, जेवणखाण त्यांचं, कॉलेज त्यांच्या जिवावर. तरी मी दांड्यावरचा हात काढला. "मी आता ओढणार नाही. माझा हातगुण मी वहिनीला दिला. तिला ओढू दे."

"ह्यो काय तुमचा ख्येळ हाय व्हय?" मामा ओरडले. आत्यानं माझा दंड धरला. जोडणीवाले खाली बघायला लागले. पुन्हा तेच झालं होतं, माझ्याकडचं संपलं होतं आणि उरलेलं सगळं शंकरअण्णाच्या मुठीत होतं. तो मागाच्या पलीकडं उभा राहून फडक्यानं हात पुसत होता. पुसून झाले तरी पुसत होता. वहिनी या वेळी मात्र थेट त्याच्याकडं बघत होती.

"शालन," तो म्हणाला. "भाईर ये. दोरं तुटल्यात, गाठी मारायला हात कमी पडत्यात."

"शंकर," मामा म्हणाले.

"आप्पा, माज्या मागाचं हाय. मी बघतो."

बापाला तो उलट बोलल्याचं त्या घरानं पहिल्यांदाच ऐकलं असावं. वहिनी उंबरा ओलांडून आली. पहिली गाठ सुटली, मग बसली. अण्णा टोकं शोधून तिच्या हातात देत गेला. गाठी झाल्या तशी त्यानं मान हलवली आणि वहिनीनं दांडा ओढला. माग सुरू झाला. धोटा गेला, आला, गेला, आला, हातभर कापडही उतरलं नसेल, आणि करंट गेला.

दोरे तुटले नव्हते आणि टिकले होते असंही म्हणता येत नव्हतं. दान हवेतच राहिलं होतं. मामा स्टुलावर बसले, आखडलेला पाय पुढं करून. फाशांचा डबा कोनाड्यात होता, त्याला कुणी हात लावला नाही. वहिनी दांडा धरून तशीच उभी, सोडला तर काय होईल या भीतीनं. उन्हं पत्र्यावरून उतरली, वहिनीचा भाऊ कधीही दारात येईल अशी वेळ झाली. मग आत्या उठली, चुरमुरे कालवून परात घेऊन आली आणि कुणाकडंच न बघता म्हणाली, "हुबी किती ऱ्हाशील? बस की. पाय दुखतील." वहिनी बसली. दांडा सोडला नाही.

शेजारच्या शेडमधून कुणीतरी कानडीत आरोळी दिली, "करंट बंतु!" आणि गल्लीतले माग एकामागून एक सुरू व्हायला लागले. आमच्याकडं सगळे मामांकडं बघत होते. मी बघितलं, ते माझ्याकडं बघतायत, मग वहिनीच्या मुठीकडं. माझ्या हातानं कापड उतरलंच नव्हतं, तिच्या हातानं उतरायला लागलं होतं; आता मध्येच हात बदलायचा तर त्यांचाच दंडक मोडणार होता, आणि नाही बदलायचा तर बीम तिचं होणार होतं. ते कितीतरी वेळ ओठ चावत राहिले. शेवटी म्हणाले, "धरलंय त्येनंच वडायचं. वड."

तिनं ओढला. एक दोरा तुटला, तिनंच बांधला. मग पुढं चाललं ते रोजच्यासारखं, ना फार चांगलं ना फार वाईट. थोड्या वेळानं वहिनीचा भाऊ सायकल भिंतीला लावून आत आला तेव्हा मामा मागाच्या आवाजावर ओरडून त्याला म्हणाले, "च्या घ्या आन् जावा पावनं. बीम धरलंय तिनं. उतरल्याबिगार न्हेता येनार न्हाय." ते बीम उतरायच्या आधीच अण्णानं शेजारच्या मागावर दुसरं बसवलं आणि तिलाच दांडा ओढायला लावलं. मग तिसरं. मामा जाईपर्यंत ती म्हातारी व्हायला लागली होती, आणि येळ्ळूरला जायची ती फक्त सणाला, तेही सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

मला विचाराल तर मामांचा विश्वास त्या दिवशी बदलला असं काही नाही. पुढं एकदा तर त्यांनी सुनेला हातगुण आहे असं शेजाऱ्याला सांगितलं आणि मी हसून घेतलं. आकडा पुसून त्यांनी दुसरा लिहिला होता, एवढंच. पण मुठीतली कवडी बाहेर पडताना मी बघितली आहे, ती किती जड असते तेही बघितलं आहे.

दोन दिवसांनी मी रेवाला फोन लावला आणि आमचा नियम सांगितला. नशिबाचा आकडा नको, कवड्या दे, स्वतःसाठी वापरायच्या नाहीत, दुसऱ्याचं वाईट पडल्यावर द्यायच्या. ती लिहून घेत होती. मग थांबली. "पण आज्जी, कुणी दिलीच नाही तर?"

फोनवर पलीकडं मागांचा खडखडाट नव्हता, माग कधीच विकले. कुकरची शिट्टी झाली, आणि मग तिच्या आजीचा, शालनवहिनीचा, आवाज आला. इतक्या वर्षांनंतरही ती ओरडूनच बोलते.

"कुनी न्हाय दिली तर उटून यायचं म्हनावं. तसल्यांच्यात ख्येळायचंच न्हाय."